बॅटरी पॅक बनवताय? पेटंट आणि परवान्यांचा हिशेब आधी असा लावा

सेल चीनमधून मागवायचे, पॅक भोसरीत नाहीतर चाकणला जोडायचा, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) थोडा विकतचा थोडा आपला, आणि माल दुचाकी-तीनचाकी बनवणाऱ्याला द्यायचा. या धंद्यात नव्याने उतरणारा प्रत्येक जण मला चहा संपायच्या आत एक प्रश्न विचारतो: "एलएफपीचं पेटंट संपलंय म्हणे. मग आता कशाची भीती?"

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, सेलच्या धन बाजूचा (कॅथोडचा) पदार्थ. त्याचं पेटंट संपलंय हे खरं आहे. पण संपलं ते एक पेटंट, किंवा फार तर एक कुटुंब, म्हणजे एकाच शोधावर देशोदेशी घेतलेल्या पेटंटांचा गट. तुमच्या पॅकमध्ये अशी अनेक कुटुंबं एकत्र नांदत असतात, आणि त्यातली काही अजून तरुण आहेत. आमचा पॅक बाजारात आणताना या सगळ्यातून जावं लागलं, त्यामुळे कुठून सुरुवात करायची ते क्रमाने लिहितो. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी काय तयार ठेवलं की त्याचा आणि आपला वेळ वाचतो, एवढंच इथे आहे.

१. पॅक कागदावर उलगडा

एका तक्त्यात पॅकचा एकेक थर लिहून काढा: कॅथोडचं रसायन, सेलची आतली रचना म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्यांना वेगळं ठेवणारा पडदा (सेपरेटर), सेलचं कवच आणि व्हेंट (वायू बाहेर पडायची वाट), मॉड्यूलची म्हणजे सेलच्या संचाची जोडणी, थंड ठेवण्याची सोय, बीएमएसचं हार्डवेअर, त्यातलं सॉफ्टवेअर आणि चार्जिंगची पद्धत. प्रत्येकासमोर तीन रकाने ठेवा: हे कोणी बनवलं, कोणत्या देशात बनलं, आणि डिझाइन कोणाचं.

तिसरा रकाना भरताना बहुतेक जण अडतात. बीएमएसचा बोर्ड चिप कंपनीच्या नमुना आराखड्यावरून उचललेला असतो, आणि तो आराखडा सहसा त्यांचीच चिप वापरण्याच्या अटीवर दिलेला असतो. उद्या स्वस्त चिप लावली की ती परवानगीही गेली. सॉफ्टवेअरचंही तसंच. आपल्या कायद्यात नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, हे अर्धंच ऐकून लोक निर्धास्त होतात. पण सेलचा चार्ज किती उरलाय हे मोजण्याची पद्धत हार्डवेअरशी जोडून मांडली, तर तिला पेटंट मिळू शकतं.

२. रसायनाचं वय तपासा

आधी एलएफपी. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी या आपल्याकडच्या संशोधकांनी त्यावर काम केलं आणि १९९७ मध्ये शोधनिबंध आला. पेटंट विद्यापीठाचं होतं, परवाना कॅनडातल्या हायड्रो-क्युबेक या वीज कंपनीकडे गेला. या पदार्थातून वीज फार मंद वाहायची, म्हणून कणांवर कार्बनचा लेप देण्याची युक्ती निघाली. तिची पेटंटं हायड्रो-क्युबेक, माँट्रियल विद्यापीठ आणि फ्रान्सची सरकारी संशोधन संस्था यांच्या हाती होती. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीशी टेक्सास विद्यापीठाचा खटला झाला. बोस्टनजवळच्या ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीशी चाललेला वाद २०११ मध्ये मिटला.

याच काळात चीनमध्ये मात्र बॅटरी उद्योगाच्या संघटनेने आव्हान दिलं आणि २०११ मध्ये तिथल्या कार्यालयाने हायड्रो-क्युबेककडचं पेटंट रद्द ठरवलं. बाहेरच्या जगात एलएफपी बनवायला परवाना लागत होता, चीनमध्ये घरच्या बाजारासाठी त्याचा जाच नव्हता. युरोप-कोरियाचे कारखाने निकेलवाल्या रसायनांकडे वळले, चीन एलएफपीवर हात बसवत राहिला. महत्त्वाची मूळ पेटंटं २०२२ पर्यंत सरली, तेव्हा दार सर्वांना उघडलं, पण आतली बैठक आधीच मांडून झाली होती. आज तुम्हाला एलएफपी सेल जवळपास चीनमधूनच घ्यावा लागतो, त्यामागे स्वस्त मजुरीइतकंच हे कारणही आहे.

निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, याची गोष्ट वेगळी. इथे दोन घराणी होती. एक अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचं, ज्याचे परवाने बीएएसएफ (जर्मन रसायन कंपनी), एलजी केम, जनरल मोटर्स यांनी घेतले. दुसरं थ्रीएम या अमेरिकी कंपनीचं, जेफ डान या संशोधकांच्या कामातून आलेलं. बीएएसएफ आणि आरगॉनने २०१५ मध्ये बेल्जियमच्या युमिकोर या कॅथोड पावडर बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०१६ च्या शेवटी निकाल बीएएसएफच्या बाजूने लागला आणि २०१७ मध्ये तडजोड झाली. मी हे सांगतोय ते एका तपशिलासाठी: त्या तक्रारीत मकिताचंही नाव होतं. हो, तीच ड्रिल मशिनवाली मकिता. पावडर एकाची, सेल दुसऱ्याचा, आणि नोटीस अवजार विकणाऱ्याला. पॅकवाल्याने हे नीट लक्षात ठेवावं, कारण या साखळीत आपली जागा मकिताच्या जवळ आहे.

रसायन जुनं म्हणजे सेल मोकळा, असं मात्र नाही. मे २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सनवोडा या चिनी कंपनीला एलजी एनर्जी सोल्युशनच्या पेटंटांवरून जर्मनीत विक्रीची मनाई केली. तिथे वाद कॅथोडच्या रसायनाचा नव्हता, सेलच्या आतल्या रचनेचा होता. एलजी आणि पॅनासॉनिक यांची अशी हजारो पेटंटं आता ट्यूलिप इनोव्हेशन ही हंगेरीतली संस्था एका मोटेत बांधून परवान्याला देते. युरोपला माल पाठवायचा विचार असेल तर हे नाव तक्त्यात लिहून ठेवा.

३. देशांची यादी करा

पेटंट देशागणिक असतं. अमेरिकेतलं पेटंट भारतात लागू होत नाही आणि चीनमध्ये रद्द झालेलं भारतात आपोआप रद्द होत नाही. म्हणून कुठे बनवणार, कुठे विकणार आणि माल कोणत्या देशातून जाणार, हे लिहा.

भारतात पेटंट कायदा १९७० च्या कलम ४८ प्रमाणे बनवणं, वापरणं, विकणं, विकायला मांडणं आणि आयात करणं, हे सगळे हक्क पेटंटधारकाचे. 'आम्ही फक्त आणतो, बनवत नाही' हा बचाव चालत नाही. मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षं. मंजुरीच्या तारखेपासून नव्हे. इथे हमखास गफलत होते.

२०१८ मध्ये आपल्या कस्टम्सच्या बौद्धिक संपदा नियमांतून पेटंट वगळलं गेलं. त्यामुळे न्हावाशेव्यात कंटेनर कस्टम्सने स्वतःहून पेटंटसाठी अडवण्याची शक्यता उरली नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम मात्र येऊ शकतो. अमेरिकेत उलट: तिथला व्यापार आयोग मालाला सीमेवरच बंदी घालतो. दक्षिण कोरियाच्या एसके इनोव्हेशनला फेब्रुवारी २०२१ मध्ये १० वर्षांची आयातबंदी लागली होती, तीही पेटंटसाठी नव्हे, एलजीची व्यापारी गुपितं घेतल्याच्या आरोपावरून. दोन महिन्यांत २ लाख कोटी वॉनवर तडजोड झाली. तेव्हा दुसऱ्या कंपनीतून इंजिनियर घेताना त्याच्या पेनड्राइव्हकडेही लक्ष असू द्या.

४. शोध घ्या, पण ठरावीक जागी

साधनं फुकट आहेत. भारतासाठी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचं इनपास, बाहेरच्या देशांसाठी एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स. नुसता 'लिथियम बॅटरी' टाकलात तर हजारो नोंदी पुढ्यात येतील आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसाल. वर्गीकरणाच्या खुणेने शोधा. सेल आणि पॅक एच०१एम मध्ये येतात: ४ खाली इलेक्ट्रोड, १० खाली सेल आणि थंडावा, ५० खाली कवच, सेपरेटर, व्हेंट. वाहनातल्या बॅटरीवर नजर ठेवण्यासाठी बी६०एल ५८, चार्जिंगसाठी एच०२जे ७. कवच-सेपरेटरची जुनी पेटंटं मात्र एच०१एम २ खाली नोंदलेली सापडतात, कारण ५० हा गट २०२१ मध्ये आला. दोन्ही बघा.

नोंद सापडली की सारांश वाचून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. हक्क ठरतो तो पेटंटाच्या शेवटी दिलेल्या दाव्यांवरून (क्लेम्स). पहिला स्वतंत्र दावा (दुसऱ्या दाव्याचा आधार न घेणारा) घ्या, त्यातला एकेक घटक ओळीत लिहा आणि समोर आपल्या पॅकमध्ये तो आहे की नाही ते लिहा. एक घटक खरोखर नसेल तर तुम्ही साधारणपणे त्या दाव्याबाहेर आहात. अगदी काठावर असाल तर वकिलाला विचारा. आणि दावे वाचायचे ते भारतात मंजूर झालेले. अमेरिकेतले आणि इथले दावे बरेचदा वेगळे असतात, इथे तपासणीत ते आवळले जातात.

मग पेटंट कार्यालयाचं ई-रजिस्टर, म्हणजे पेटंटांची ऑनलाइन नोंदवही, उघडून वार्षिक शुल्क भरलंय का पाहा. शुल्क न भरल्याने पडलेली पेटंटं खूप सापडतात, पण पडलेलं पेटंट १८ महिन्यांच्या आत पुन्हा उभं करता येतं. 'बंद' दिसलं म्हणून लगेच साचा टाकायला देऊ नका, तारीख मोजा. शिवाय नवा अर्ज साधारण १८ महिने प्रकाशितच होत नाही आणि परदेशी अर्जदाराला भारतात यायला ३१ महिने मिळतात. म्हणजे आजचा शोध आजपुरताच. वर्षातून एकदा तरी तो पुन्हा करावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यावा, असं विचाराल तर मी आगप्रतिबंधाच्या रचनेकडे बोट दाखवीन. इलेक्ट्रिक स्कूटरच्या २०२२ च्या आगींनंतर एआयएस-१५६ (विद्युत दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीचं सुरक्षा मानक) कडक झालं, आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू नये म्हणून प्रत्येक जण काहीतरी भरतोय, दोन सेलच्या मध्ये पत्रे घालतोय, वायू बाहेर काढायच्या वाटा कापतोय. नवे अर्ज याच जागी दाटलेत. आणि एआरएआय या पुण्याच्या वाहन-चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे पेटंटचाही प्रश्न सुटला, असं मानणारे उद्योजक मी पाहिलेत. एआरएआय पॅक सुरक्षित आहे का ते तपासतं, त्याची रचना कोणाच्या मालकीची हे नाही.

चाचणीसाठी बनवलेल्या नमुन्यांची फार धास्ती नको. प्रयोगासाठीचा वापर आणि कायद्याने मागितलेली माहिती सादर करण्यापुरतं बनवणं, याला कलम ४७ आणि १०७-अ मध्ये सूट आहे. पहिलं बिल फाडलं की ती सूट संपली.

५. पुरवठादाराकडून लेखी घ्या

कलम १०७-अ चा दुसरा भाग पॅकवाल्यांच्या कामाचा. बनवायचा आणि विकायचा रीतसर अधिकार असलेल्या माणसाकडून आणलेल्या मालाची आयात हा पेटंटभंग धरला जात नाही. म्हणून प्रश्न येतो तो पुरवठादाराच्या अधिकाराचा. तुम्ही ज्या दलालाकडून सेल घेता, त्याला मूळ कारखान्याने नेमलंय का?

खरेदी करारात एवढं मागा: माल मूळ कारखान्याचा असल्याचं पत्र, कारखान्याने कोणाचे परवाने घेतलेत याचा खुलासा, आणि पेटंटवरून दावा आला तर खर्च आणि नुकसान तो भरेल अशी हमी. मोठे कारखाने हमी देतात पण ती बिलाच्या रकमेपुरती आवळतात आणि 'भारत वगळून' अशी बारीक ओळ कुठेतरी घालतात. ती शोधा. दलाल हमी हसत हसत देतात. त्यांच्या हमीला काय अर्थ आहे, हे त्यांच्या ताळेबंदावरून ठरवा.

ग्रेड-बी सेल (कारखान्याच्या तपासणीत पहिल्या प्रतीत न बसलेले) घेत असाल तर ही सगळी कागदपत्रं मिळणार नाहीत, हे धरूनच चाला.

६. 'मोफत' पेटंटांच्या अटी वाचा

टेस्लाने जून २०१४ मध्ये जाहीर केलं की चांगल्या हेतूने तंत्र वापरणाऱ्यावर आम्ही खटला भरणार नाही. चांगल्या हेतूची त्यांची व्याख्या वाचा. टेस्लावर कोणताही बौद्धिक संपदेचा दावा करायचा नाही, त्यांच्या पेटंटला आव्हान द्यायचं नाही, त्यांच्या मालाची नक्कल विकायची नाही, आणि विद्युत वाहनांशी संबंधित तुमचं स्वतःचं पेटंट कोणाविरुद्धही वापरायचं नाही. म्हणजे फुकट घेतलंत तर स्वतःच्या पेटंटाची धार आपल्या हाताने बोथट करून बसलात. ज्याच्याकडे पेटंट नाही आणि घ्यायचंही नाही, त्याला हे परवडेल.

टोयोटाने २०१९ मध्ये सुमारे २४,००० पेटंटं २०३० पर्यंत विनामूल्य खुली केली. ती मोटर, पॉवर कंट्रोल युनिट, नियंत्रण प्रणाली, चार्जर, इंधन सेल यांची. बॅटरीच्या सेलसाठी तिथे शोधत बसू नका.

७. परवाना घ्यायचाच असेल तर नेमकं काय विकत घेताय ते ठरवा

पॅकवाल्याला बहुतेक वेळा सेलचा परवाना लागत नाही, तो सेलच्या किमतीत आलेला असतो. सेल बनवायला निघालात तर मात्र लागतो. आणि तेव्हा विकत घेता ती मुख्यतः पेटंट नसतात.

अमरा राजा या भारतीय बॅटरी कंपनीने जून २०२४ मध्ये चीनच्या गोशन हाय-टेकच्या स्लोव्हाकियातल्या उपकंपनीशी एलएफपी सेलच्या तंत्राचा करार केला. एक्साइडने २०२२ मध्ये चीनच्याच एसव्होल्टशी. फोर्डने २०२३ मध्ये मिशिगनच्या मार्शल गावी कारखाना स्वतःच्या मालकीचा ठेवून चीनच्या सीएटीएलकडून तंत्र घ्यायचं ठरवलं. मूळ पेटंटं तर सरली होती. मग पैसे कशाचे? पेस्ट किती घट्ट ठेवायची, लेप किती वेगाने वाळवायचा, दमटपणा कुठे आवरायचा, शंभरातले पंच्याण्णव सेल पास कसे करायचे, याचे. हे ज्ञान कोणत्याही पेटंटमध्ये लिहिलेलं नसतं. ते मुद्दामच लिहीत नाहीत.

त्यामुळे करारात प्रशिक्षण, कारखाना उभारताना त्यांची माणसं किती दिवस येणार, यंत्रांचे तपशील आणि उत्पादनाचं हमी दिलेलं प्रमाण, हे परिशिष्टात लिहून घ्या. 'तांत्रिक साहाय्य दिलं जाईल' या वाक्याला बाजारात किंमत नाही. चिनी कंपनी असेल तर आणखी एक अडसर. जुलै २०२५ पासून एलएफपीसारख्या कॅथोड पदार्थ बनवण्याचं तंत्र चीनच्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत आहे, ते बाहेर द्यायला तिथल्या सरकारची परवानगी लागते. परवानगी येईपर्यंत आगाऊ रक्कम द्यायची नाही, ही अट घाला.

कायदा इथे तुमच्या बाजूने बराच आहे आणि तो फार कोणी वाचत नाही. परवाना लेखीच हवा, कलम ६८. तो पेटंट कार्यालयात नोंदवावा, कलम ६९. कलम १४० प्रमाणे काही अटी चालतच नाहीत: पेटंटबाहेरचा कच्चा माल आमच्याकडूनच घ्या, तुम्ही केलेली सुधारणा फक्त आम्हालाच द्या, पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नका, नको असलेली पेटंटंही याच गठ्ठ्यात घ्या. परदेशी मसुद्यात या अटी सर्रास येतात. आणि कलम १४१: करारातली पेटंटं संपली की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन तुम्ही करार संपवू शकता, करारात काहीही लिहिलेलं असो. यासाठीच पेटंट आणि नो-हाऊ (पेटंटात न लिहिलेलं कामाचं ज्ञान) यांची रॉयल्टी वेगवेगळी लिहून घ्या, नाहीतर समोरचा म्हणेल की सगळे पैसे नो-हाऊचेच होते.

कराचं विसरू नका. परदेशी कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवर २०२३ पासून मूळ दर २० टक्के झाला. चीन, जपान, दक्षिण कोरिया यांच्याशी असलेल्या भारताच्या कर-करारांत तो १० टक्के आहे, पण त्यासाठी समोरच्याचं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं. 'सर्व कर वगळून निव्वळ रक्कम' ही ओळ मान्य केलीत तर तो कर तुमच्या खिशातून. शिवाय रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी तुम्ही भरायचा, जीएसटी. सीए पहिल्या मसुद्यापासून सोबत हवा, सहीच्या दिवशी नको.

पेटंटधारकाच्या मर्जीविना सरकारने देण्याच्या, म्हणजे सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, पण भारतात आजवर तो एकदाच दिला गेला, २०१२ मध्ये, कर्करोगाच्या औषधावर. त्यावर भिस्त नको.

८. नोटीस आली तर

आधी पाहा, त्यात पेटंटचा नंबर आहे का. 'तुमचा पॅक आमच्या हक्कांचा भंग करतो' एवढंच असेल तर नम्रपणे नंबर, दावा आणि आपल्या मालातला नेमका भाग विचारा. उत्तराच्या भरात 'आम्ही डिझाइन बदलतो' असं लिहू नका, ती कबुली ठरू शकते.

नंबर मिळाला की चौथ्या पायरीतली दाव्यांची जुळवणी पुन्हा काढा. मंजुरी प्रकाशित होऊन वर्ष झालं नसेल तर कलम २५(२) खाली विरोध नोंदवता येतो. त्यानंतर उच्च न्यायालयात कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी. नुसत्या पोकळ धमक्या असतील तर कलम १०६ खाली उलट तुम्हीच दाद मागू शकता. मात्र 'आमचं असं पेटंट आहे' एवढं कळवणं ही कायद्याने धमकी नव्हे. 'माहीतच नव्हतं' हे पटवून दिलंत तर नुकसानभरपाईतून सुटका होऊ शकते, मनाईहुकुमातून नाही.

पेटंट एजंटकडे पहिल्या भेटीला हे घेऊन जा

- थरांचा तक्ता, देशांच्या यादीसह
- पॅकचे आराखडे आणि फोटो, तारखांसकट
- सेलची डेटाशीट, कारखान्याचं पत्र, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद)
- पुरवठादाराचा करार आणि हमीचं कलम
- बीएमएसच्या चिप आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी
- एआयएस-१५६ चा चाचणी अहवाल
- सापडलेल्या पेटंटांचे नंबर, दाव्यांची जुळवणी, ई-रजिस्टरच्या प्रती
- आलेली नोटीस असेल तर लिफाफ्यासकट, पोचल्याच्या तारखेसाठी

एजंट निवडताना त्याने एच०१एम मधले अर्ज हाताळलेत का ते विचारा. औषधांच्या पेटंटमध्ये नावाजलेला माणूस सेल जोडण्याच्या टॅब वेल्डिंगच्या दाव्यासमोर तुमच्याइतकाच नवखा असतो. फी ठरवताना पेटंटागणिक दर घ्या, तासाचा नको.